पाहुणा नसलेलं शहर

माणूस प्रवासाला निघतो तो जग बघायला, असा एक समज शहरी लोकांनी पसरवलेला आहे. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांनी तो कधीच मान्य केलेला नाही. इथला माणूस निघतो तो कुणाच्या तरी घरी जायला. एसटीत शेजारच्याला 'कुठं निघाला?' म्हणून विचारून बघा. तो गावाचं नाव सांगत नाही, 'मेव्हणीकडं' म्हणून सांगतो. मेव्हणी कोणत्या गावी दिलीय हे तुम्हाला ठाऊक नसेल, तर तो तुमच्या शिक्षणातला दोष. यावरून पृथ्वीचे दोनच भाग पडतात: जिथं आपले पाहुणे आहेत ती गावं, आणि उरलेलं रान. (पाहुणे म्हणजे नातेवाईक. आपल्या घरी आलेला तोही पाहुणा, आणि आपण ज्याच्या घरी जाऊन पडलो तोही पाहुणाच. यजमान नावाचा माणूस या भागात फक्त पूजेला बसतो.)

या शास्त्राला पहिला तडा वडगाव रासाईच्या सविताबाईंनी दिला. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून मे महिन्यात निवृत्त झाल्या. नोकरीत असताना त्यांनी प्रवास भरपूर केला, पण तो लग्न, बारसं, डोहाळजेवण आणि मयत या चार मंजूर कारणांसाठी. प्रत्येक ठिकाणी त्या पोचल्या, पाय धुतले, पाणी प्यायल्या आणि 'द्या, मी लाटते' म्हणून पोळपाटाशी बसल्या. एकदा महाबळेश्वरला गेल्या होत्या. तिथंही नवऱ्याच्या मावसभावाचं घर निघालं. त्यामुळं महाबळेश्वर म्हटलं की सविताबाईंना तिथला ओटा आठवतो. जरा उंच होता.

निरोपसमारंभात हातात श्रीफळ घेऊन उभ्या असताना त्यांच्या मनात एकच गोष्ट आली. एकदा, फक्त एकदा, अशा गावाला जायचं जिथं आपलं कुणी नाही. भाड्याची खोली असावी, खोली नाही तर नुसती खाट. कुलपाची किल्ली आपल्याजवळ. सकाळचा चहा दुसऱ्यानं केलेला, आणि 'वहिनी, साखर कुठं ठेवलीय?' असं विचारायला पंचक्रोशीत माणूस नको. मागणी एवढीच होती. शासनदरबारी याहून मोठ्या मागण्या मान्य झालेल्या आहेत.

शिरूरला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवणारी माया ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिनं मोबाइलवर दाखवलं की परदेशातल्या शहरांत आता बायाबापड्या एकट्यादुकट्या, अगदी स्वस्तात फिरतात. वसतिगृहासारख्या खोलीत एक खाट घ्यायची, दुकानातून पाव आणायचा आणि पायी हिंडायचं. "सामानाला कपाट देतात, बाई," माया म्हणाली, "फक्त कुलूप आपलं न्यायचं." सविताबाईंनी त्याच दिवशी शिरूरच्या बाजारात एक छोटं पितळी कुलूप घेतलं. तिकीट नाही, पासपोर्ट नाही, बाईंच्या दौऱ्याची खरेदी मात्र पूर्ण झाली होती.

आता प्रश्न घरी सांगायचा. बाईंचे पती जयसिंगतात्या हे गावातल्या दूध संस्थेचे माजी चेअरमन. संस्था हातची गेली, पण ठराव करायची सवय गेली नाही. घरात कोथिंबिरीची जुडी आणायची तरी सूचक आणि अनुमोदक लागतो. सविताबाईंनी जेवताना विषय काढला.

"परदेशी जाऊन येऊ म्हणते. चार-सहा शहरं. चांगलं महिना-दीड महिना. माझ्या पैशातून जाऊ, आन् काटकसरीनं करू. लॉजवर राहू."

तात्यांचा घास हातात राहिला. (महामार्गावर ज्या पाटीवर 'लॉज' असं लिहिलेलं असतं, तिच्याकडं आमच्या भागातला अब्रूदार माणूस बघूनही न बघितल्यासारखं करतो.)

"लॉजवर?" तात्या म्हणाले. "का बरं? पाव्हणं मेलं का सगळं?"

लगेच दुसऱ्या दिवशी परदेश दौरा नियोजन समिती स्थापन झाली. अध्यक्षपदी जयसिंगतात्या, बिनविरोध. सचिव म्हणून त्यांचा पुतण्या सत्यजीत, जो रांजणगावच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे आणि जगातली कुठलीही गोष्ट रकान्यांत बसवून तिला हिरवा किंवा लाल रंग देतो. नातेसंबंध विभाग तात्यांच्या आईकडं, म्हणजे सरूबाईंकडं. सविताबाईंना निमंत्रित सदस्य करण्यात आलं. निमंत्रित सदस्याला मताचा अधिकार नसतो, चहाचा असतो. म्हणजे करण्याचा.

पहिला ठराव असा झाला: दौरा काटकसरीने करण्यात यावा, काटकसर याचा अर्थ मुक्काम पाहुण्यांकडे असा घ्यावा. सूचक जयसिंगतात्या. अनुमोदक सरूबाई (डुलकी लागली होती, पण मान हलली).

सरूबाईंच्या कामाबद्दल आदरानं बोललं पाहिजे. या बाईंना कुठलंही नाव सांगा, तिसऱ्या वाक्याला नातं निघतं आणि पाचव्या वाक्याला त्या नात्यातलं जुनं भांडण. सत्यजीतनं शहरांची नावं वाचायची आणि सरूबाईंनी डोळे मिटून पाहुणा काढायचा, अशी पद्धत पडली. फ्रँकफर्टला वरवंडच्या सिंधूबाईंच्या दिराचा जावई निघाला. ॲमस्टरडॅमला कवठे येमाईच्या गिताबाईंचा नातू. मिलानला एका व्याह्यांच्या व्याह्यांचा मुलगा, ज्याच्या लग्नात सरूबाईंचा मान राहिला होता; तो तिथं जाऊन वसूल करायचा असं ठरलं. वॉर्साला मात्र फक्त सत्यजीतच्या जुन्या मित्राचा रूममेट सापडला.

"एका खोलीत ऱ्हायलं, एका भांड्यातलं दूध प्यालं," सरूबाई म्हणाल्या. "म्हंजी दूधभाऊ. आपलंच पोरगं की!"

वॉर्सा हिरवं झालं.

मग आलं लिस्बन. सरूबाईंनी डोळे मिटले. बराच वेळ गेला. त्या पहिल्यांदा माहेरकडनं गेल्या, मग सासरकडनं, मग तुटलेल्या सोयरिकींच्या आडवाटेनं. शेवटी डोळे उघडून म्हणाल्या, "न्हाई बाई. तिथं कुणी न्हाई."

"कुणीच न्हाई, आत्याबाई?" सविताबाईंनी विचारलं.

"न्हाई म्हनले ना."

सविताबाई आत गेल्या आणि त्या दिवशीच्या चहात साखर दुप्पट पडली. लिस्बन! नाव सुद्धा किती परकं. समितीनं नाइलाजास्तव तीन रात्री लॉजला मंजुरी दिली, सत्यजीतनं तो रकाना लाल केला, आणि सविताबाईंना त्या लाल रंगाकडं बघून जितकं सुख झालं तितकं पगारवाढीच्या कागदाकडं बघून कधी झालं नव्हतं. बाकीच्या शहरांत काय व्हायचं ते होवो. तीन रात्री त्यांच्या होत्या.

दुसरा ठराव सांगून जाण्याबाबत होता. कुणाला न सांगता परदेशी जाणं म्हणजे नातं तोडणं. तात्यांनी बोलेरो काढली. वरवंड झालं, कवठे येमाई झालं, न्हावऱ्याकडचे दोन मळे झाले, दौंडची चुलत बहीण झाली. प्रत्येक घरी चहा, पोहे, सविताबाईंची ओटी, आणि उठताना दाराआडून येणारं ते वाक्य: "एवढं जरा आमच्या पोराला द्या. जास्त न्हाई." जास्त नाही म्हणजे काय, याचा पुढं सत्यजीतनं अभ्यास केला. शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ, कुरडया, लिंबाचं लोणचं, पुरणपोळ्या, येमाईचा प्रसाद, एक लोखंडी खलबत्ता (तिकडच्या मिक्सरला चव नसते), आणि गिताबाईंनी नातवासाठी स्वतः टाके घातलेली गोधडी, जी चार घड्या केल्यावर लहान वासराएवढी दिसत होती. पासपोर्टच्या चौकशीला आलेल्या हवालदारांनीही चहा पिता पिता विचारलं, "बार्सिलोना वाटंत लागतंय का वो?" वाटेत लागत नव्हतं. पुडकं मात्र आलं.

आता एवढा माल कोणत्या क्रमानं पोचवायचा? इथं जयसिंगतात्यांचा अनुभव कामाला आला. बारा वर्षं त्यांनी दूध गोळा करणाऱ्या गाडीचा फेरा आखला होता. जे आधी नासतं ते आधी उतरायचं, या तत्त्वावर त्यांनी युरोपची नव्यानं मांडणी केली. पुरणपोळ्यांमुळं फ्रँकफर्ट पहिलं. चटणी टिकते म्हणून मिलान नंतर. गोधडी कधीच नासत नाही, तेव्हा ॲमस्टरडॅम, जे फ्रँकफर्टच्या शेजारी आहे असं नकाशात उगाच दाखवलंय, ते सगळ्यात शेवटी. सकाळच्या पाळीला एक शहर, संध्याकाळच्या पाळीला दुसरं. गाडी थांबली की माल द्यायचा, फॅट तपासायची आणि निघायचं. (परदेशात फॅट कशाची तपासायची, हे पुढच्या सभेपुढं ठेवण्यात आलं.) सत्यजीतच्या तक्त्यात सुरुवातीला 'शहर बघणे' असाही एक रकाना होता. तो कागदावर मावेना म्हणून काढला.

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा डब्यांनी केला.

चटणी असो की लाडू, ते दिलं जातं स्टीलच्या डब्यात. आणि डब्यावर नाव कोरलेलं असतं. तो डबा परत आलाच पाहिजे. मुलगा परदेशात राहिला तर आई सोसते, डबा राहिला तर सोसत नाही. बरं, परत करायचा तो रिकामा देऊन चालत नाही, ते अशुभ. त्यात काहीतरी घालून द्यायचं. म्हणजे फ्रँकफर्टच्या जावयानं डबा रिकामा करायचा, घासायचा, वाळवायचा, मग बाजारात जाऊन त्यात घालायला काहीतरी आणायचं. "ह्याला चार रोज तरी लागत्यात," सरूबाईंनी तज्ज्ञ मत दिलं. तोवर तिथं थांबावं तर पुढच्या शहराचा माल खोळंबतो. म्हणून तिसरा ठराव झाला: प्रत्येक शहराला दोनदा जावे, एकदा भरलेला डबा द्यायला आणि एकदा भरलेला डबा आणायला.

"म्हंजी लिस्बनला पण दोनदा?" सविताबाईंनी आशेनं विचारलं.

"लिस्बनला डबा कुठंय?" तात्या म्हणाले. "उलट तिथल्या तीन रात्रींची एकच करावी म्हंतो मी. रिकामं गाव ते."

एक तर एक. सविताबाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं. एका रात्रीलाही किल्ली लागतेच.

व्हिसा मिळायला मात्र अडचण आली नाही. सगळ्या पाहुण्यांनी निमंत्रणाची पत्रं पाठवली होती, आणि त्या पत्रांत सविताबाईंचा उल्लेख 'आमच्या लाडक्या काकू' असा होता. लाडक्या असण्याचं कारण त्यांच्या हाताला असलेली चव, असं एकानं तर स्पष्टच लिहिलं होतं.

मग वजन करायचा दिवस उजाडला. स्वस्तातल्या विमानात माणशी सात किलोचीच पिशवी चालते, हे सत्यजीतनं आधीच सांगितलं होतं. पण सात किलो म्हणजे सात किलो, हे आमच्याकडं कुणी शब्दशः घेत नाही. दूध संस्थेच्या पशुखाद्याच्या काट्यावर सगळा माल चढवला. काटा थांबेचना. अर्धं गाव जमलं. कुणीतरी मालाला हार घातला, त्याचंही वजन धरलं गेलं.

"तात्या, पिशव्या नुसत्या पाव्हण्यांच्या मालानंच फुल होत्यात," सत्यजीत म्हणाला. "तुमच्या दोघांच्या कपड्याला स्पेस न्हाई. पण एक आयडिया हाय. अंगावरचं वजन धरत न्हाईत."

तेव्हा सविताबाईंची रंगीत तालीम झाली. एकावर एक चार साड्या, वर तात्यांचा कोट, कोटाच्या चारी खिशांत कुरडया, पाठीला गोधडी. या अवस्थेत त्यांना संस्थेच्या आवारात चालून दाखवायला सांगण्यात आलं. त्या चालल्या. कुरडया मोडल्याचा आवाज आला, तेव्हा वरवंडहून आलेल्या सिंधूबाई कळवळून ओरडल्या, "अगं बया, हळू चाल की! कुरडया हायत त्या!" सविताबाईंना घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांची दया कुणाला आली नाही असं नाही. पाच-सहा जणांना आली. पण कुरडयांचा विषय आधी निघाला.

पिशवी तपासताना सत्यजीतला तळाशी कुलूप सापडलं.

"काकी, हे काय? पाव्हण्यांच्या घरी जायचं आन् कुलूप? इनोव्हेशनला वाव हाय पण कायतरी लॉजिक पाह्यजे. एवढ्या वजनात जवसाची चटणी बसती."

त्यानं कुलूप काढून त्यांच्या हातात दिलं. सविताबाईंनी ते पदरात बांधलं. पदराचं वजन कुणी धरत नव्हतं.

आणि अशा ऐन मोक्यावर सिंधूबाईंनी पेढ्याचा पुडा उघडला. त्या काही कुरडयांसाठी आल्या नव्हत्या. त्यांच्या लेकीचं, शितलचं, लग्न ठरलं होतं.

"पोरगं कुठं असतंय?" कुणीतरी विचारलं.

सिंधूबाईंनी सरूबाईंकडं बघितलं. सरूबाईंनी पदर सावरला. एखाद्या शहरात आपला पाहुणा नसणं ही त्यांना घराण्याची नामुष्की वाटत होती. गेले दोन महिने त्या शेजाऱ्यांच्या फोनवरून सोयरिकी जुळवत होत्या, ते सगळ्यांना वाटलं म्हातारपणाचा विरंगुळा आहे.

"लिस्बनला," सरूबाई म्हणाल्या. "पाव्हणा न्हाई असं गाव आसतंय व्हय कुठं? नीट हुडकायला लागतंय."

टाळ्या पडल्या. सत्यजीतनं तिथल्या तिथं मोबाइलवर लिस्बनचा लाल रकाना हिरवा केला. (शितल आणि तो मुलगा यांनी दोन वर्षांपूर्वीच आपसात ठरवलं होतं, आणि सरूबाईंपर्यंत हे स्थळ त्यांनीच फिरवून पोचवलं होतं. समितीला हे कळवण्याची गरज कुणाला वाटली नाही.) शितलचा लगेच फोन आला. "काकू, आता लॉज कॅन्सल करायचं! तुम्ही येईपर्यंत लग्न झालेलं असंल, आमच्याकडंच राह्यचं. तुमच्या हातचं भरलं वांगं खायला ह्यांचे सगळे मित्र येणारेत, पंधरा-वीसच जण हायत."

सविताबाईंना रडू फुटलं. चार साड्या, कोट आणि गोधडी अंगावर घेऊन ती बाई पशुखाद्याच्या पोत्यावर बसली आणि मोठ्यानं रडली. लहानपणी आई गेली तेव्हाही अशी रडली नव्हती, कारण तेव्हाही घरात पाहुणे होते आणि त्यांचं जेवण बघायचं होतं. आत्ता तिला आवरेना. बायका भोवती जमल्या. "बघा, परक्याच्या लेकीचं भलं झालं तर किती आनंद!" सिंधूबाई सद्गदित होऊन म्हणाल्या आणि त्यांनी सविताबाईंच्या तोंडात पेढा घातला. तोंडात पेढा असताना माणूस काय सांगणार?

शेवटची सभा भरली. विषय एकच, वजन. सत्यजीत रात्रपाळी करून आला होता आणि त्याचे डोळे शोध लागल्यासारखे चमकत होते.

"तात्या, मी फुल ॲनालिसिस केला. आपल्या सगळ्या मालात जास्त वजन कशाचं हाय म्हाईतंय का? तुमचं. त्याच्याखाली काकीचं. माल त्याच्यापुढं कायच न्हाई. तिकीट लागतंय ते माणसाला, जेवण लागतंय ते माणसाला, झोपायला लागतंय ते पण माणसालाच. माणूस काढला की दौरा एकदम स्वस्तात बसतोय. माल कुरिअरनं जातोय."

काटकसरीचा विचार इतक्या टोकापर्यंत आजवर कुणी नेला नव्हता. जयसिंगतात्यांना तर मनातून हायसं वाटलं. परदेशात भाकरीचं कसं होणार या चिंतेनं त्यांची झोप उडाली होती. चौथा ठराव सर्वानुमते मंजूर झाला: माणसे वगळून दौरा करण्यात यावा. गुरुवारी माल गेला. पुढच्या आठवड्यात सगळ्या शहरांतून डब्यांचे फोटो आले. चौकात फ्लेक्स लागला: 'यशस्वी परदेश दौऱ्याबद्दल मा. श्री. जयसिंगतात्या यांचे हार्दिक अभिनंदन', खाली एक मनोरा, जो सत्यजीतला आवडला म्हणून घेतला होता. तात्यांना शाल मिळाली. सविताबाईंना परत श्रीफळ.

त्या घरी गेल्यावर नव्हे, तिथंच, शालीच्या कार्यक्रमात बोलल्या. "आन् मी?"

"तू काय?" तात्यांनी विचारलं.

"मला जायचं हुतं."

"अगं गेलं की सगळं! तुझ्या हातची चटणी आज लिस्बनमधी खात्यात. अजून काय जायाचं राह्यलंय?"

तात्या वाईट माणूस नव्हे. त्यांना खरोखरच समजलं नाही, आणि हीच पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

दुसऱ्या दिवशीपासून सविताबाईंनी एक प्रयोग सुरू केला. जेवताना सासूला वाढता वाढता त्या सहज एखाद्या शहराचं नाव घ्यायच्या. "आत्याबाई, प्रागला कोण असतं?" घास गिळायच्या आत उत्तर यायचं. व्हिएन्नाला सुद्धा माणूस निघाला. अथेन्सला तर दोन निघाले, आणि ते एकमेकांशी बोलत नव्हते. असं बरेच दिवस चाललं. एका दुपारी सविताबाईंनी एक नाव घेतलं, आणि सरूबाई नुसत्या "आं?" म्हणाल्या. मग विचार करता करता त्यांना झोप लागली. सविताबाई हात धुवून शिरूरला मायाच्या दुकानात गेल्या. व्हिसाची मुदत अजून शिल्लक होती. मायानं विमानाचं तिकीट काढलं, एका खाटेचे पैसे भरले आणि विचारलं, "बाई, तात्यांना सांगितलं?"

"सांगते," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी सांगितलंही. पिशवी घेऊन दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी चालले."

"कुणाकडं?" तात्यांनी पेपरातून विचारलं.

"कुणाकडं न्हाई."

तात्यांना वाटलं, रागावून माहेरी निघाली. "बरं. येताना बाजरीचं बी आण," ते म्हणाले. सविताबाईंनी दौंडला गाडी धरली.

तिसऱ्या दिवशी सत्यजीतच्या मोबाइलवर फोटो आला. लोखंडी खाट, शेजारी छोटं कपाट, कपाटाला पितळी कुलूप. खिडकीत कागदी कपातला चहा. चहा पाणचट दिसत होता. खाली एकच ओळ होती: 'मी केलेला नाही.'

समितीची तातडीची सभा बोलावण्यात आली. तात्या घाबरले होते, हे खरं. दोन दिवस त्यांनी बाईंच्या माहेरी फोन करून करून कवठे येमाई जागं ठेवलं होतं. "सुखरूप हाय ना, तेवढं बघ," ते सत्यजीतला पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण ती सुखरूप आहे हे ठरल्यावर सभा मूळ मुद्द्यावर आली. आपलं बाईमाणूस जिथं आपलं कुणी नाही अशा शहरात राहतं, ही बाब नियमात कशी बसवायची? रंग कोणता द्यायचा?

"हिरवा दे," सरूबाई म्हणाल्या.

"आज्जी, तिथं आपलं कुणी न्हाई."

"न्हाई कसं? सविता हाय की तिथं."

हा मुद्दा बिनतोड होता. ज्या शहरात सविता आहे, त्या शहरात आपला पाहुणा आहे. संध्याकाळपर्यंत ही बातमी दोन्ही तालुक्यांत पोचली. हवालदारांनी विचारलं, बार्सिलोना तिथनं जवळ पडतं का. एव्हाना लग्न होऊन लिस्बनला गेलेल्या शितलनं कळवलं की आम्ही नवराबायको चार दिवसांनी काकूंकडं येतोय, लॉजचा खर्च उगाच कशाला. गिताबाई दुसऱ्या गोधडीला बसल्या. आणि तात्यांनी फोनवर हळू आवाजात विचारलं, "मी येऊ का? तुझ्या वळखीनं एखादी खाट मिळंल का?"

"या की," सविताबाई म्हणाल्या. "पण डबा आणायचा न्हाई. आन् कुलूप आपलं आणायचं."

एवढं बोलून त्यांनी त्याच दिवशी शहर बदललं. नवीन शहराचं नाव त्यांनी तात्यांना सांगितलं आणि अजून एका माणसाला. ते आम्हाला ठाऊक आहे. तिथं चहा बरा मिळतो, समुद्र जवळ आहे आणि सकाळी दहापर्यंत कुणी कुणाला उठवत नाही. पण नाव छापणार नाही. कारण इतका वेळ या लोकांना हसत बसलेले तुम्ही, नाव वाचल्या वाचल्या पहिलं काय म्हणाल ते आम्ही ओळखून आहोत: 'अय्या, आमचा भाचा तिथंच तर असतो!' असेलही. बाईंना सुखानं राहू द्या. आणि आईचं नाव कोरलेला तो डबा भरायला खाली काढला असेल, तर परत फळीवर ठेवा. तसंही तो तुमच्या आईचा नाही. शेजारणीचं नाव आहे त्याच्यावर, नीट वाचा.